बिशान–आंग मो किओ पार्क, सिंगापूर: कठडा नसलेली नदी

आधी माझा पूर्वग्रह सांगते. माझी सगळी नोकरी पावसाळी नाल्यांच्या कामात गेली. नदीकाठ सुशोभीकरण म्हटलं की उंच भिंत, वर फरशा, कठडा, दिव्यांचे खांब आणि खाली कुठेतरी पाणी, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे लेकीकडे गेल्यावर जावई म्हणाले, "आई, तुमच्या खात्यातलं काम आहे, बघाच," तेव्हा मी फारशी उत्सुक नव्हते.

बाग 62 हेक्टरची, तिकीट नाही. मधून कल्लांग नदी जाते. पूर्वी ती इथे काँक्रीटच्या सरळसोट नाल्यातून जायची. 2.7 किलोमीटरचा तो नाला तोडून त्याजागी 3.2 किलोमीटरचं वळणावळणाचं पात्र केलं आणि 2012 साली बाग नव्या रूपात खुली झाली. सुरेख दिसतं, पण मला भावला तो हिशोब. लांबी वाढली की उतार कमी होतो आणि पाण्याचा वेग मंदावतो. एरवी नदी आपली मधल्या अरुंद पात्रातून निवांत वाहते. मोठा पाऊस झाला की शेजारचं गवत हेच तिचं पात्र, आणि रुंदी सुमारे 100 मीटरपर्यंत जाते. ज्या हिरवळीवर लोक चटया टाकून बसतात, ती पुराची जागा आहे. पाणी ओसरलं की पुन्हा चटया.

पाय बुडवायचं निमित्त करून मी काठ नीट तपासला. रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, नाही. दगड, जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं खास कापड) आणि झाडांची मुळं यांनी माती धरून ठेवली आहे. ही तंत्रं आधी 60 मीटरच्या तुकड्यावर करून पाहिली आणि मगच सगळीकडे वापरली. हा संयम फार दुर्मीळ! तोडलेल्या नाल्याचा राडारोडाही बाहेर नेऊन टाकला नाही. त्याचीच एक टेकडी केली आहे. तिथे चढाच.

कठडा नाही म्हटल्यावर नातवाची धास्ती होतीच. पण काठाला उभा कडा नाही, हळूहळू वर चढत जाणारा उतार आहे, त्यामुळे मूल चालत बाहेर येऊ शकतं. शिवाय पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर, भोंगे, लुकलुकणारे दिवे आणि जागोजागी लाइफबॉय (बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या कड्या) आहेत. एका अर्थी भिंतीचं काम इशाऱ्यावर सोपवलंय, म्हणून ही यंत्रणा रोज चालू असायलाच हवी.

तळ्याच्या भागात वनस्पतींचे वाफे आहेत. तळ्याचं पाणी त्यांतून गाळून परत तळ्यात येतं. मुलांच्या पाण्याच्या खेळासाठी ते अतिनील किरणांनीही शुद्ध करतात. नातू तिथून हलेना.

पाणमांजरं मला दिसली नाहीत, इतरांना दिसतात म्हणे. पण त्यांचे फोटो पाहून "आपल्याकडेही असंच करा" म्हणण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सिंगापूरमध्ये सांडपाण्याची व्यवस्था पावसाच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी आहे आणि या नदीचं पाणी पुढे मरिना जलाशयात जातं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात. मैला आधी वेगळा केला नाही, तर वळणं कितीही देखणी काढा, काठावर नाक दाबूनच बसावं लागेल.

कुरकुर दोनच. उतारावर सावली कमी आहे, दुपारी अंग भाजून निघतं. आणि मेरीमाउंट रोडने बागेचे दोन तुकडे केलेत, त्यामुळे एका दमात सगळी बाग फिरल्याचं सुख मिळत नाही.

सकाळी तळ्याकडे जा, ऊन उतरल्यावर नदीकडे. पाण्यातल्या दगडांवरून पलीकडे जाता येतं, पण गुडघे बोलत असतील तर सरळ पूल गाठा. आणि भोंगा वाजला की सामान गोळा करत बसू नका, आधी चढ चढा.