सहा निळे बेल्ट आणि एक गाढव

लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. जिऊ-जित्सू या कुस्तीसारख्या मार्शल आर्टमध्ये नव्या पोरांना बेल्ट कसा निवडावा हे सांगत फिरणारा मी, आणि गंडलो मीच. सरांनी प्रमोशनसाठी, म्हणजे पोरांना वरचा बेल्ट देण्याच्या कार्यक्रमासाठी, पाच निळे बेल्ट मागवायला सांगितले. माझा झिजला होता, म्हणून सहावा माझा. ऑनलाइन विक्रेत्याला शंभर टक्के पैसे आगाऊ.

गंडवायची पद्धत जुनीच. माल साइटवर दाखवायचा आणि 'कमिशन वाचेल' म्हणत पैसे थेट खात्यात मागायचे. साइटबाहेर पैसे देऊ नका. कधीच नाही.

खरं तर एका उत्तरातच कळायला हवं होतं. मी विचारलं, रुंदी किती? उत्तर आलं, 'स्टँडर्ड आहे, सर.' अरे, आयबीजेजेएफ या जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात 4 ते 5 सेंटीमीटर लिहिलंय, आकडा सांग ना! हा आकडा मला झोपेत विचारला तरी सांगेन. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेले, प्रमोशन दोन आठवड्यांवर, आणि फोटोतली शिवण खरंच देखणी होती (फोटो दुसऱ्याच कंपनीचा, हे नंतर कळलं). घाईत कोणीही फसलं असतं.

चार ए2, दोन ए3 अशा मापांचे मागवले होते. आले ते सगळे एकाच मापाचे, साडेतीन सेंटीमीटर रुंद. टोकाची काळी पट्टी, जिच्यावर पुढे स्ट्राइप (प्रगती दाखवणाऱ्या छोट्या पट्ट्या) लागतात, ती शिवलेली नव्हती, चिकटवलेली होती. नखाने सोलून निघाली. माझा बांधून मॅटवर उतरलो तर पहिल्याच रोलमध्ये (सरावाच्या झुंजीत) गाठ सुटली, दुसऱ्यात परत सुटली, आणि तिसऱ्यानंतर पांढऱ्या गीवर (सरावाच्या पोशाखावर) कमरेभोवती निळा डाग. घरी उसवून पाहिला, आत स्पंजची पातळ पट्टी. साटनसारखा चमकणारा बेल्ट घेऊच नका, गाठ धरत नाही. आणि ए2 वर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. लांबी सेंटीमीटरमध्येच विचारा. सुती बेल्ट धुतल्यावर आटतो, तेही धरा.

मग दारोदार. साइट म्हणते, व्यवहार बाहेर झाला. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांचा पहिला प्रश्न, 'पँटचा बेल्ट का?' दुसरा, 'माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?' टेप लावून रुंदी दाखवली, तर साहेब हसले. तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा 'निराकरण झाले' असा मेसेज. कोणाचं निराकरण? विक्रेत्याने 10 टक्के परत देऊ केले, तेही पाच स्टार दिले तर!

सरांचे पैसे मी खिशातून भरले. प्रमोशनच्या दिवशी सरांनी आपलाच जुना निळा बेल्ट आणला, पाचही पोरांच्या कमरेला आळीपाळीने बांधला आणि फोटो काढले. मी मागे उभा होतो.