मोसंबीची नवती: लिंबाळी फुलपाखरू सांभाळायचं की परोपजीवी गांधीलमाशी?

जालना-पैठण भागात मोसंबीला नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की हे दोन्ही कीटक हजर होतात. लिंबाळी हे शेपटीवाल्या फुलपाखरांच्या कुळातलं, पण याला शेपूटच नाही. कोवळ्या पानावर ते जेमतेम मिलिमीटरभर, फिकट पिवळं अंडं एकेकटं घालतं. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी त्याहून लहान, अर्ध्या मिलिमीटरची. ती माणसाला चावत नाही. दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते आणि अळी जन्मण्याआधीच संपवते.

निर्णय झाडाच्या वयावर घ्या. रोपवाटिकेत आणि पहिली दोन-तीन वर्षं लिंबाळीची गय नको. अळी कडेकडून पान खात मध्यशिरेपर्यंत येते, दोन-चार अळ्या छोटं रोप बोडकं करतात. लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून शिंग काढते आणि उग्र वास सोडते. रोपं थोडी असतील तर हातानं वेचा. जास्त असतील तर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक) 1 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात, संध्याकाळी, अळ्या लहान असतानाच फवारा; उन्हात त्याचा असर लवकर जातो. बीटी पोटात गेल्यावरच अळी मरते, त्यामुळे गांधीलमाशीला धक्का लागत नाही. मोठ्या झाडाला पाच-दहा अळ्यांनी काही होत नाही, तिथं पंप काढूच नका.

ट्रायकोकार्ड, म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढत असलेली कीटकांची अंडी चिकटवलेलं कार्ड, फक्त लिंबाळीसाठी आणावं का? आमच्या मते नाही. अंडी विखुरलेली असतात आणि माशी फार लांब उडत नाही. कार्डाचा पैसा कपाशीत जास्त वसूल होतो. आणलंच तर ते फ्रिजबाहेर फार दिवस पडू देऊ नका, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. आठवडाभरात रासायनिक फवारणी झाली असेल तर कार्ड वाया गेलंच समजा.

फुकटात काम करणाऱ्या माश्या मात्र बागेत असतातच. पानावरचं अंडं पूर्ण काळं पडलंय, अळीजवळ पांढऱ्या कोशांचा पुंजका आहे किंवा तपकिरी कोषाला बारीक गोल भोक आहे, असं दिसलं तर ते तोडू नका. बांधावर धने-बडीशेप फुलू द्या, प्रौढ माश्यांना मकरंद मिळतो. फुलपाखरू हवंच असेल तर दारातला कढीपत्ता किंवा बांधावरची बावची त्याला पुरते.