नमुना अस्सल होता, तिथेच मी फसलो

सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो तेव्हा एकाच चवीने मला सिगारेटपासून लांब ठेवलं होतं. स्ट्रॉबेरी, आणि मागून किंचित थंडावा. त्या चवीची बाटली मिळेनाशी झाली आणि तसाच ज्यूस, म्हणजे व्हेपमध्ये भरायचा द्रव, घरी बनवता येईल का, हे मी शोधू लागलो. त्यातच एकाने ट्रेमध्ये ठेवलेल्या तीन बाटल्यांचा फोटो टाकून मेसेज केला, ‘हुबेहूब रेसिपी आहे, कॉन्सन्ट्रेट म्हणजे फ्लेवरच्या दाट अर्कासकट देतो. आधी नमुना ओढून बघा, मग पैसे द्या.’

नमुना आला. पहिल्याच झुरक्याला ओळख पटली. तीच चव, तोच थंडावा, घशाला बसणारा फटकाही तोच. ‘आज सकाळीच मिसळलंय’ असं तो म्हणाला होता. माझा विश्वास बसला आणि पूर्ण किटचे पैसे मी आगाऊ पाठवले.

खरं तर त्या ‘आज सकाळी’लाच मी थांबायला हवं होतं. ताजा मिसळलेला ज्यूस सहसा असा एकजीव लागत नाही. मिसळणारे लोक बाटली काही दिवस, कधी काही आठवडे मुरत ठेवतात, आणि स्ट्रॉबेरी तर त्यातही अवघड, कारण मुरता मुरता तिचा वासच फिका पडतो. मला पाठवलेला नमुना म्हणजे कंपनीचाच ज्यूस होता, बिनलेबलच्या बाटलीत ओतलेला. तो हुबेहूब लागणारच होता.

किटमध्ये पीजी आणि व्हीजी (प्रोपिलिन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन, ज्यूसचे मूळ द्रव), फ्लेवरच्या तीन बाटल्या, एक निकोटिनची बाटली आणि टक्केवारीचा कागद होता. सोबत ‘मशीनवर तपासलेला’ म्हणून जीसी-एमएसचा, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा आलेख. त्यावर ना बॅच नंबर, ना तारीख, ना प्रयोगशाळेचं नाव. हे तंत्र खरं आहे, त्यातून उडून जाणारे घटक ओळखता येतात. पण कोणता घटक नेमका किती, हे काढायचं तर प्रत्येकाचा प्रमाणित नमुना हाताशी लागतो. शिवाय ‘स्ट्रॉबेरी कॉन्सन्ट्रेट’ हेच मुळात इथाइल ब्युटिरेटसारख्या अनेक रसायनांचं मिश्रण असतं. एका कंपनीचं कॉन्सन्ट्रेट ५ टक्के घातलं म्हणून दुसऱ्या कंपनीची चव येत नाही. जवळपास जाता येतं, ‘हुबेहूब’ कोणीही देऊ शकत नाही. तो शब्द वापरणाऱ्यापासून सावध राहा, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

निकोटिनच्या बाटलीवर पेनाने नुसतं ‘निकोटिन’ लिहिलेलं होतं. एका मिलीलीटरमध्ये किती मिलीग्रॅम, याचा पत्ता नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘कागदावर लिहिलंय तेवढं घाला.’ पण मूळ ताकदच ठाऊक नसेल तर त्या आकड्याला काय अर्थ? निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरतं आणि लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी जीवावर बेततं. माझ्या घरात लहान मूल आहे. ती बाटली मी उघडलीच नाही, पहिला ज्यूस निकोटिनशिवायच मिसळला.

दुसऱ्या दिवशी कॉइल, म्हणजे ज्यूस तापवणारी तार, काळीकुट्ट. वर चिकट, करपलेल्या पाकासारखा थर. गोडीसाठी सुक्रालोज सढळ हाताने ओतलं की असं होतं. तिसऱ्या दिवशी छातीत खवखव आणि कोरडा खोकला. मग मला बाटलीचा संशय आला. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एका फ्लेवरचा थेंब सोडला. थेंब पसरला, पण विरघळला नाही. वर गोल तवंग धरून राहिला, उजेडात इंद्रधनुष्यासारखा चमकत. चमच्याने ढवळलं तर फुटून बारीक मणी झाले आणि पुन्हा एकत्र आले.

ते तेलातलं, खाण्यासाठीचं इसेन्स होतं. खाण्यासाठी सुरक्षित असलेली वस्तू फुप्फुसात सुरक्षित असेलच असं नाही, तेल तर मुळीच नाही. तेलाने फुप्फुसाला सूज येऊ शकते, न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिलचं उदाहरण मोठं आहे. खाण्यात ते सर्रास चालतं. पण २००० च्या सुमारास अमेरिकेत मिसुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांना त्याच्या वाफेने फुप्फुसाचा न भरून येणारा आजार जडल्याचं उघड झालं. माझ्या किटमधल्या ‘क्रीम’च्या बाटलीत काय होतं, हे मला कोणीच सांगितलं नाही.

एक लक्षात ठेवा, पाण्यावर तवंग आला नाही म्हणजे बाटली चांगली असं नव्हे. डायअसिटिल पाण्यात विरघळतं, ते ग्लासात दिसणार नाही.

मी डॉक्टरांकडे गेलो आणि काय ओढलं ते न लपवता सांगितलं. खोकला थांबायला बरेच दिवस लागले. पैसे परत मागितले तर त्याने मला ब्लॉक केलं. गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला, तीच कोपऱ्यात टवका उडालेली ट्रे, त्याच तीन बाटल्या. नाव मात्र वेगळं होतं, आणि चव या वेळी आंब्याची.