तांदूळ निथळायला रोवळी की स्टीलची चाळण?

भोकं पाडून पाणी वेगळं करायची युक्ती फार जुनी. पोलंडमध्ये सुमारे 7000 वर्षांपूर्वीची भोकांची मातीची भांडी सापडली आणि त्यांत दुधाची चरबी मुरलेली आढळली, हे 2012 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे ती भांडी चीज गाळण्यासाठी होती. आपल्या कोकणात हेच काम तांदळासाठी रोवळी, म्हणजे बांबूची विणलेली टोपली, करते.

मोदकाच्या पिठीसाठी रोवळीच घ्यावी. पाण्याच्या पातेल्यात ती बुडवून तांदूळ हाताने हलवले की कोंडा आणि धूळ फटींतून खाली जाते, दाणा मात्र अडतो. बांबू स्वतःही ओल शोषतो, आणि हवा चहूबाजूंनी लागते. अर्ध्या तासात तांदूळ कापडावर पसरण्याजोगे होतात.

स्टीलच्या चाळणीत पाणी भोकांच्या कडांशी थेंब धरून बसतं. तळ सपाट असेल तर खालचा थर ओलाच राहतो आणि त्या दाण्यांची पिठी दळताना चिकटते. चाळण तिरकी ठेवून दोनदा हलवली की बरंच पाणी सुटतं. भोकं 2 मिलिमीटरपेक्षा मोठी असतील तर जिरेसाळसारखा बारीक दाणा निसटतो.

उकळता भात किंवा शेवया ओतायच्या असतील, तिथे स्टीलच बरं. रोवळीला साबण लावू नये, वास धरते. धुतल्यावर उपडी न ठेवता टांगून पूर्ण वाळवावी, नाहीतर विणीत बुरशी येते. नवी रोवळी असेल तर आधी बांबूची कुसळं निघतात का, ते हात फिरवून पाहावं.