पत्राचे तुकडे कोण कसे मांडतो: ईमेल प्रोग्राम निवडण्यापूर्वी

ज्यांना मजकुरात मधेमधे आकृत्या घातलेली पत्रे रोज येतात, त्यांनी ईमेल प्रोग्राम निवडताना आधी तो पत्राचे भाग कसे मांडतो हे तपासावे. ईमेलची रचना ठरवणाऱ्या माइम या प्रमाणित पद्धतीनुसार एका पत्रात अनेक भाग असू शकतात आणि प्रत्येक भाग ओघात दाखवावा की अटॅचमेंट म्हणून वेगळा ठेवावा, हे पाठवणाऱ्याचा प्रोग्राम खूण करून सुचवतो. ती खूण पाळायची की नाही, हे मात्र वाचणाऱ्याच्या प्रोग्रामवर असते.

समजा, एक परिच्छेद, त्याखाली चित्र आणि मग 'वरच्या आकृतीचा डावा भाग पाहा' हे वाक्य, असे पत्र आले. ॲपल मेलमध्ये ते त्याच क्रमाने दिसते. एकपानी पीडीएफसुद्धा तिथे मजकुरातच उघडते, जे काहींना सोयीचे आणि काहींना अडचणीचे वाटते. तेच पत्र विंडोजवरच्या आउटलुकमध्ये पोचल्यावर शेवटचे वाक्य कधीकधी 'एटीटी' ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल होऊन बसते, आणि अनोळखी फाइल म्हणून कोणी ती उघडतही नाही. जीमेल अटॅचमेंट तळाशी चौकटींत मांडते आणि सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मजकूर कापून उरलेला दुव्यामागे ठेवते.

थंडरबर्डमध्ये पत्र मूळ एचटीएमएल (म्हणजे वेबपानासारख्या मांडणीत), साधे एचटीएमएल किंवा निव्वळ मजकूर अशा तीन प्रकारे पाहण्याचे पर्याय आहेत आणि अटॅचमेंट ओघात दाखवणे बंदही करता येते. इतके नियंत्रण असल्यामुळे माझा कल त्याच्याकडे आहे, पण निव्वळ मजकुरात एक खोच आहे. काही प्रोग्राम पत्राच्या निव्वळ मजकूर आणि एचटीएमएल अशा दोन पर्यायी आवृत्त्या पाठवताना पीडीएफ केवळ एचटीएमएल आवृत्तीच्या पोटात ठेवतात. निव्वळ मजकुराची आवृत्ती निवडली की एचटीएमएल आवृत्तीबरोबर पीडीएफही नजरेआड होऊ शकते, आणि पाठवणारा शपथेवर सांगत राहतो की फाइल जोडली होती.

अशा वेळी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालणारा मट हा ईमेल प्रोग्राम उपयोगी पडतो. त्यात 'व्ही' ही कळ दाबली की पत्राच्या सर्व भागांची उतरंड प्रकार आणि आकारासह समोर येते, त्यामुळे काहीच लपून राहत नाही. रोजच्या वाचनासाठी तो रुक्ष आहे. परंतु तांत्रिक कामात ज्यांना हरवलेल्या अटॅचमेंटचा माग काढावा लागतो, त्यांनी तो थंडरबर्डच्या जोडीला ठेवावा.