कुपवाड एमआयडीसीतली बॉयलर डीस्केलिंग सेवा: पाण्याची बाजू खरंच साफ होते का?

कुपवाड एमआयडीसीत बॉयलर सफाईची, म्हणजे डीस्केलिंगची (साचलेला क्षार काढायची) कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या कामाचं हे परीक्षण. बॉयलर 3 टनी, स्मोक ट्यूब, थ्री पास (धूर तीन फेऱ्यांत फिरणारा), 10.54 किलो दाबाचा, ब्रिकेटवर (भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर) चालणारा. पाणी बोअरचं, सॉफ्टनरमधून (पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातून) येणारं. ठेकेदाराचं नाव देत नाही. खालच्या कसोट्या सांगली-मिरजेतल्या कुठल्याही ठेकेदाराला लावता येतील.

सगळ्यात मोठी फसगत कोटेशनमध्येच होते. 'ट्यूब क्लीनिंग' एवढंच लिहिलेलं असतं. स्मोक ट्यूब बॉयलरमध्ये धूर नळीच्या आतून जातो आणि पाणी बाहेरून असतं. नळीत ब्रश फिरवला की काजळी निघते, बाहेरच्या अंगाचा क्षार जागचा हलत नाही. चिमणीचं तापमान थोडं उतरतं, मालकाला वाटतं बॉयलर साफ झाला. पाण्याच्या बाजूला 1 मिलिमीटर स्केल (क्षाराचा थर) असेल तर इंधन 5 ते 8 टक्के जास्त जळतं, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची मार्गदर्शिका सांगते. या ठेकेदाराने आगीची बाजू आणि पाण्याची बाजू अशी दोन कामं वेगवेगळी लिहून दिली. हा पहिला चांगला गुण.

बॉयलर थंड करण्यातही घाई केली नाही. पुष्कळ ठिकाणी दाब उतरला की लगेच ब्लोडाऊन (तळाचं पाणी-गाळ सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून गरम बॉयलर रिकामा करतात. मग तापलेल्या नळ्यांवर गाळ भाजून बसतो, आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघणारा चिखल खरवडायची वेळ येते. पाणी कोमट होईपर्यंत थांबायचं, मग सोडायचं आणि लगेच मड होल व हँडहोल (सफाईसाठीची झाकणं) उघडून दाबाच्या पाण्याने धुवायचं. धुण्याआधी मात्र आत बॅटरी मारून बघायचंच. गाळ कुठे साचलाय, पाण्याच्या पातळीची रेघ कुठे आहे, तांबूस फोड कुठे आहेत, हे धुतल्यावर कळत नाही. इथे ठेकेदाराच्या माणसांनी आधी धुतलं आणि मग फोटो काढले. या चुकीचे गुण कापले पाहिजेत.

स्केलचा नमुना त्यांनी घेतला, ॲसिडचे थेंब टाकून दाखवले. फसफसलं म्हणजे कार्बोनेट, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळणारं. न फसफसता खपली तशीच राहिली तर सल्फेट किंवा सिलिका समजा. सल्फेटला आधी सोडा ॲश किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटचं उकळतं द्रावण फिरवून मऊ करावं लागतं. सिलिकेला फ्लोराइडचं मीठ लागतं आणि ते काम नवख्याच्या हाती देऊ नये. नमुना न घेता ॲसिडचे कॅन उतरवणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा.

कॅन किती, याचा हिशेब मालकाने स्वतः करावा. 1 किलो कॅल्शियम कार्बोनेटला शुद्ध हायड्रोक्लोरिक ॲसिड 0.73 किलो लागतं. बाजारातलं ॲसिड साधारण 32 टक्के, म्हणजे 2.3 किलो. हीटिंग सरफेस 95 चौरस मीटर आणि स्केल सरासरी 1 मिलिमीटर धरलं तर क्षार जवळपास 240 किलो होतो. त्याला ॲसिड साडेपाचशे किलो, म्हणजे 35 लिटरचे 14 कॅन. शिवाय शेवटी द्रावणात 2 टक्के ताकद उरायला हवी. बॉयलरमध्ये 6 हजार लिटर पाणी मावत असेल तर त्यासाठी आणखी 9-10 कॅन. सहा-सात कॅन घेऊन आलेला माणूस बॉयलर साफ करत नाही, ॲसिडने ओला करतो. इथे 24 कॅन आले, हिशेब जुळला.

पंप-टाकीची जोडणी नीट होती: खालून ब्लोडाऊनच्या वाटेने आत, वरच्या व्हेंटने (हवा सोडायच्या तोंडाने) परत. आधी पाणी, मग इनहिबिटर (ॲसिडपासून लोखंड वाचवणारं रसायन), मग ॲसिड थोडं थोडं. द्रावण बाहेरच्या टाकीत 60 अंशांपर्यंत गरम केलं. आत आग लावायची नाहीच, कारण ॲसिड लोखंडाला लागलं की हायड्रोजन सुटतो आणि व्हेंटजवळ एक ठिणगीही पुरते. सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच), मोब्रे (पातळी सांभाळणारं उपकरण) आणि पितळी फिटिंग आधी काढून घेतली होती.

दर अर्ध्या तासाला टायट्रेशनने (नमुन्यात मोजून अल्कली घालून) ॲसिडची ताकद वहीत लिहिली गेली. सुरुवातीला ती झरझर उतरते. लागोपाठ तीन वेळा आकडा तोच आला की विरघळण्यासारखा क्षार संपला. ताकद उतरतेच आहे आणि द्रावणात लोखंड वाढतंय, तर ॲसिड पत्रा खातंय. तेव्हा ताबडतोब सोडायचं. वजन केलेला लोखंडी तुकडा टाकीत टांगून ठेवणं आणि शेवटी त्याचं वजन किती घटलं ते बघणं ही यावरची स्वस्त खात्री. तो या ठेकेदाराकडे नव्हता.

धुणं आणि सोडा ॲशच्या 1 टक्का द्रावणाने न्यूट्रलाइझ करणं (उरलेलं ॲसिड मारणं) ठीक झालं. वापरलेल्या ॲसिडचं काय करणार हे मात्र विचारावं लागलं. ते पीएच 5.5 ते 9 मध्ये आणूनच ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जायला हवं. गटारात सोडलं तर नाल्यावाटे ते कृष्णेतच जाणार.

तपासणीत ही सेवा कमी पडली. रिव्हर्सल चेंबरच्या (जिथे धूर उलटा वळतो त्या कप्प्याच्या) ट्यूब प्लेटवर, म्हणजे नळ्या बसवलेल्या पत्र्यावर, नळ्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत स्केल सर्वात घट्ट बसतं आणि भेगाही तिथेच पडतात. तिथे वरवर टॉर्च फिरवला गेला, बोरोस्कोप (अरुंद जागेत घालून बघायचा कॅमेरा) आणलाच नव्हता. फर्नेसच्या (आग जळते त्या मोठ्या नळकांड्याच्या) माथ्याला पट्टी लावून फुगवटा पाहिला, ते बरं केलं. ऑक्सिजनच्या खड्ड्यांवरचे तांबूस फोड खरवडून खोली मोजली नाही. सगळ्यात गंभीर म्हणजे गेज ग्लासचे दोन्ही रस्ते प्लग काढून सळईने मोकळे केले नव्हते. खालचा रस्ता तुंबला की काचेत पाणी दिसतं आणि नळ्या कोरड्या पडतात. सांगितल्यावर केलं, पण हे न सांगता व्हायला हवं.

हायड्रॉलिकला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) दोन नळ्या पाझरल्या. ॲसिडने नळ्या फुटल्या असं म्हणून भांडू नका; आधीच सैल झालेली टोकं क्षाराने बुजलेली होती, एवढंच. ट्यूबचं टोक हलक्या हाताने एक्स्पांड करून (फुगवून घट्ट बसवून) घ्यावं. जास्त ताणलं तर शेजारची सैल होते. बाष्पके निरीक्षकांची तारीख म्हणूनच सफाईनंतर चार-पाच दिवस सोडून घ्यावी.

रासायनिक सफाईला पाचपैकी चार, तपासणीला दोन. काम द्यायला हरकत नाही, पण बोरोस्कोप, टांगलेला तुकडा आणि गेज ग्लासचे रस्ते ऑर्डरमध्ये लिहून घ्या. पावसाळ्यात साखर कारखान्यांचा ऑफ सीझन असतो आणि हातातली चांगली माणसं तिकडे जातात, म्हणून तारीख मे महिन्यातच ठरवावी. चालू केल्यावर पहिला आठवडा दर शिफ्टला ब्लोडाऊन आणि गेज ग्लास ब्लो करा, सुटलेल्या खपल्या खाली येत राहतात. फीडवॉटरची (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची) हार्डनेस 5 पीपीएमच्या वर गेली की सॉफ्टनर त्याच दिवशी मीठ घालून रिजनरेट (पुन्हा ताजा) करायचा, उद्यावर टाकायचा नाही.