सहा नंबरची साधी काश्मीर विलो बॅट: स्टिकर नको, वजन बघा

होळकर स्टेडियमवर सामना लागला की इंदुरात बॅटींची चौकशी वाढते, आणि ती बहुतेक स्टिकरची असते. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघाच्या, सी. के. नायडूंच्या गावात क्रिकेटचं वेड असायचंच. वाईट याचं वाटतं, की मुलाच्या हाताला काय झेपतं ते न बघता बॅटीवर नाव कोणाचं आहे, यासाठी हजारो रुपये मोजले जातात.

लेदर बॉलवर नुकतंच खेळू लागलेल्या, साधारण पाच फुटी मुलासाठी आमची पसंती सहा नंबरच्या मापाची साधी काश्मीर विलो, म्हणजे काश्मिरी विलोच्या लाकडाची बॅट. वजन १०५० ग्रॅमच्या आसपास हवं. दुकानात काट्यावर करून घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याने बॅट फक्त डाव्या हातात समोर धरावी. टो, म्हणजे बॅटीचं खालचं टोक, लगेच झुकला तर परत ठेवा, लाकूड कितीही देखणं असो. जड बॅटीने मूल खालच्या हाताने चेंडू ओढायला लागतं, आणि ती सवय लवकर सुटत नाही. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठा नंबर घेतला तरी तेच होतं. मागचा स्टिकर फार मोठा असेल तर बोटाने चाचपा, गाठी तिथेच लपवतात.

नवी बॅट थेट नेटमध्ये नेली की कड फाटते. कच्चं जवसाचं तेल चमचाभर, फडक्याने पुढून, कडांना आणि टोला लावा. स्प्लाइस (दांडा पात्यात बसवलेला जोड) आणि स्टिकर सोडा. रात्रभर आडवी ठेवा. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात, पुरे. बॅटीवर पारदर्शक शीट चिकटवलेली असेल तर त्यावर तेल नको, ते आत जातच नाही; लाकूड दाबून घट्ट करण्यासाठी ठोकणं मात्र टळत नाही. लाकडी हातोड्याने रोज अर्धा तास, एकूण चार ते सहा तास, हलक्या हाताने सुरुवात करून. कडा तिरप्या मारून गोल करायच्या. टोच्या तळाला हातोडा लावू नका. मग जुन्या चेंडूवर हलके फटके. शिवणीचे वळ खोल उठले तर पुन्हा हातोडा.

तोटाही आहे. हे लाकूड घट्ट असल्याने त्याच वजनात कडा बारीक मिळतात, चेंडू मधोमध बसला नाही तर हाताला झिणझिण्या येतात. पुढे जोरात मारू लागल्यावर इंग्लिश विलो घ्यावी. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली कोणतीही बॅट सुकून तडकते.

वाचलेले पैसे हेल्मेटला लावा. १३ वर्षांखालच्यांचा चेंडू लहान असतो, तेव्हा ग्रिलच्या फटीतून तोच आत घालून बघा. गेला तर दुसरं हेल्मेट मागा.